राखीव क्वार्टरबॅकला परदेशी पाठवावं का?

प्रश्न अमेरिकन फुटबॉलचा आहे (एनएफएल म्हणजे तिथली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग, क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू): "एनएफएलचे संघ पूर्वी आपले राखीव खेळाडू वसंत ऋतूत युरोपात खेळायला पाठवत, असं कळलं. त्याचा खरंच उपयोग होत होता का? होत होता तर बंद का केलं? आज अशी सोय असती, तर माझ्या संघाच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकला पाठवावं का? आणि तिथे लांबच्या किकला ४ गुण मिळत, हे खरं की थाप?"

घाईत असाल तर एवढंच: क्वार्टरबॅक असेल तर डोळे मिटून पाठवा, किकर असेल तरी पाठवा, लाइनमन (पुढच्या फळीत टकरी घेणारा) असेल तर आधी त्याचे गुडघे बघा, आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) असेल तर त्याला घरी झोपू द्या. घाईत नसाल तर पुढे वाचा.

मी मूळचा मिरजेचा. फिजिओथेरपी शिकून अमेरिकेत आलो आणि गेली २६ वर्षं कॉलेज फुटबॉलच्या संघांबरोबर अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणून काम करतोय. (फुटबॉल म्हणजे इथे अंडाकृती चेंडूचा, हेल्मेटवाला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा मला जास्त आवडतो, पण पोट यावर चालतं.) सामन्याआधी घोटे बांधायचे, सामन्यानंतर बर्फ लावायचा, आणि मधल्या वेळात पोरांचं रडगाणं ऐकायचं. माझ्या हाताखालून गेलेली काही पोरं त्या युरोपातल्या लीगमध्ये खेळून आली. त्यामुळे हा विषय मी प्रशिक्षकाच्या फळ्यावर कमी आणि मसाज टेबलावर जास्त पाहिलाय.

आधी ती लीग काय होती ते सांगतो. १९९१ मध्ये 'वर्ल्ड लीग ऑफ अमेरिकन फुटबॉल' सुरू झाली. १० संघ, त्यातले ३ युरोपातले: लंडन, बार्सिलोना आणि फ्रँकफर्ट. गंमत अशी की पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात दोन्ही संघ युरोपातले आले. वेम्बलीवर ६० हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर लंडनने बार्सिलोनाला २१-० असं हरवलं. दोन मोसमांनंतर खर्च झेपेना म्हणून दुकान बंद. १९९५ मध्ये ते पुन्हा उघडलं ते फक्त युरोपात, ६ संघांवर. १९९८ पासून नाव एनएफएल युरोप, शेवटी एनएफएल युरोपा. एप्रिल ते जून, १० आठवडे, १० सामने. अमेरिकेतला प्रत्येक संघ आपल्याकडचे काही खेळाडू तिकडे 'अ‍ॅलोकेट' करायचा, म्हणजे करार आमच्याशीच, पण तीन महिने तू तिकडे खेळ. मोसम संपला की परत ये, जुलैअखेरच्या ट्रेनिंग कॅम्पला हजर हो.

आता मुख्य मुद्दा. राखीव क्वार्टरबॅक आठवडाभर काय करतो, याची बाहेरच्या माणसाला कल्पना नसते. आपल्याला वाटतं, रोज सराव करत असेल, हळूहळू तयार होत असेल. तसं होत नाही. मोसम सुरू झाला की सरावातले जवळजवळ सगळे चेंडू पहिल्या क्वार्टरबॅकच्या वाट्याला. दुसरा आणि तिसरा जातात 'स्काउट टीम'मध्ये. म्हणजे येत्या रविवारी समोर जो संघ आहे त्याच्या चाली मोठ्या पुठ्ठ्यांवर काढलेल्या असतात. साहाय्यक प्रशिक्षक पुठ्ठा वर धरतो, आणि हा पोरगा परक्या संघाची चाल, परक्या संघाच्या पद्धतीने, आपल्याच बचाव फळीच्या सरावासाठी करून दाखवतो. बरं, लाल जर्सी घातलेली, त्यामुळे त्याला कोणी हातही लावत नाही. असं चार-पाच महिने. स्वतःच्या संघाची चाल अंगावर माणसं धावून येताना करायची वेळ त्याच्यावर येतच नाही. आणि मग एके दिवशी पहिल्याचा घोटा मुरगळतो, ७० हजार लोक बघत असतात, आणि सगळे म्हणतात, "जा, खेळ."

नेटमध्ये कितीही खेळा, सामन्यात तिसऱ्या स्लिपकडे गेलेला झेल नेटमध्ये कधी कळत नाही, हे क्रिकेट खेळलेल्या कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको. श्रीरामपूरचा झहीर खान आठवा. २००६ मध्ये भारतीय संघातून बाहेर होता. घरी बसून निवड समितीच्या फोनची वाट बघत राहण्याऐवजी वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला. मोसमभर, आठवड्यामागून आठवडा, रोज २० षटकं टाकायची. ७८ बळी घेऊन परत आला तो वेगळाच गोलंदाज होता. रन-अप छोटा केला, चेंडू जपून वापरायला शिकला. तिथे त्याला कोणी मोठा गुरू भेटला म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. षटकं मिळाली, एवढंच.

युरोपातल्या लीगचं गणितही तेच, आणि ते कर्ट वॉर्नरच्या बाबतीत आकड्यांत दिसतं. हा माणूस कॉलेजनंतर ग्रीन बेच्या कॅम्पमधून काढला गेला, आयोवात सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला फळ्यांवर माल लावला, मग इनडोअर मैदानावरचं अरीना फुटबॉल खेळला. सेंट लुईस रॅम्सने त्याच्याशी करार केला आणि १९९८ च्या वसंतात त्याला अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅडमिरल्सकडे पाठवून दिलं. तिथे १० आठवड्यांत त्याने ३०० हून जास्त पास टाकले, २,१०१ यार्ड, १५ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण). यार्डांत आणि टचडाउनमध्ये लीगमध्ये पहिला. परत आल्यावर रॅम्समध्ये त्याला तिसऱ्या नंबरवर बसवलं, आणि एनएफएलच्या त्या अख्ख्या मोसमात त्याच्या वाट्याला आले ११ पास. तीनशे आणि अकरा. एखादा माणूस कुठे घडला असेल, हे आणखी कशाला समजावून सांगायचं?

आणि तरी रॅम्सला तो कळला होता असं समजू नका. १९९९ च्या सुरुवातीला क्लीव्हलँडचा नवा संघ उभा राहत होता, त्यांना इतर संघांकडून खेळाडू उचलायची मुभा होती. रॅम्सने वॉर्नरला राखून ठेवलेल्यांच्या यादीत घेतलं नाही. क्लीव्हलँडने त्याला उचललं नाही. ऑगस्टमध्ये सरावसामन्यात ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला आणि नाइलाजाने वॉर्नरला उतरवलं. पुढे ४१ टचडाउन, लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, तोही जिंकला. गुडघ्याचे अस्थिबंध तुटले नसते, तर हा माणूस आज कुणाला माहीत असता का, याची मला शंका आहे. दुसऱ्याच्या दुखापतीवर आपल्या धंद्यातली बरीच नशिबं उभी असतात. ट्रेनर म्हणून हे बोलायला बरं वाटत नाही.

१९९८ च्या त्याच मोसमात अ‍ॅमस्टरडॅमला वॉर्नरच्या मागे बसलेला दुसरा क्वार्टरबॅक होता जेक डेलोम. युरोपातल्या राखीव खेळाडूंच्या लीगमध्येही राखीव! बिचाऱ्याने पुढच्या वर्षी फ्रँकफर्टला जाऊन खेळून घेतलं, तिथे वर्ल्ड बोल, म्हणजे त्या लीगचा अंतिम सामना, जिंकला. न्यू ऑर्लिन्समध्ये इतकी वर्षं राहूनही त्याच्या नावावर सुरुवातीपासून खेळलेले सामने फक्त २. मग २००३ मध्ये कॅरोलायनाला गेला, पहिल्याच सामन्यात मध्यंतरानंतर उतरला, आणि त्या मोसमाअखेर संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. तो सामना कॅरोलायना हरली ती शेवटचे ४ सेकंद उरले असताना बसलेल्या ४१ यार्डांच्या किकने. ती किक मारणारा अ‍ॅडम विनाटिएरी. तोही १९९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमचाच, तिथे किक आणि पंट (चेंडू हातातून सोडून लांब मारायचा) दोन्ही त्याच्याकडे. म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमचं एक पोर दुसऱ्याला सुपर बोलमध्ये हरवून गेलं.

किकरचं मी वर 'पाठवा' म्हटलं ते यामुळेच. किकरच्या शरीराची झीज कमी आणि त्याचा प्रश्न सगळा डोक्यातला. प्रेक्षक ओरडताहेत, समोरून ११ माणसं उडी मारताहेत, आणि तुला दीड सेकंदाच्या आत पाय चालवायचाय. हे रिकाम्या मैदानावर शिकवता येत नाही. अर्थात तिथे जागा मिळेलच असं नव्हतं. लीगमध्ये स्थानिक खेळाडूंना घेण्याचा नियम होता, आणि किकरची जागा त्यासाठी सोयीची. बार्सिलोनाकडे हेसूस अँगॉय किक मारायचा, जो आधी बार्सिलोनाच्या खऱ्या फुटबॉल क्लबचा गोलरक्षक होता आणि योहान क्रायफचा जावई. स्कॉटिश क्लेमोर्सने तर रग्बीतला स्कॉटलंडचा माजी कर्णधार गॅव्हिन हेस्टिंग्ज आणून उभा केला होता.

आता दुसरी बाजू, जिथे माझं पोट आहे. हिशोब करा. युरोपात १० सामने. जून संपत आला की परत. जुलैअखेर कॅम्प. मग त्या वेळी ४ सरावसामने आणि १६ मोसमाचे. एकूण ३०, आणि मध्ये विश्रांती जेमतेम चार-पाच आठवडे. नेहमीच्या खेळाडूला जानेवारी ते जुलै मिळतात. त्या महिन्यांत तो नुसता लोळत नसतो. स्नायू पुन्हा बांधतो, वजन वाढवतो, जुनी दुखणी शांत करतो. गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन, खांद्याची ओढ, मांडीमागचा हॅमस्ट्रिंग, ही सगळी दुखणी वेळ मागतात. गोळ्या देऊन ती मुकाट होतात, बरी होत नाहीत.

आमच्या कॉलेजचा एक डिफेन्सिव्ह लाइनमन, १३० किलोचा, स्वभावाने गाय. त्याला एका संघाने घेतलं आणि दुसऱ्या वर्षी युरोपात पाठवलं. तिथे चांगला खेळला. जूनमध्ये भेटायला आला तेव्हा जिना उतरताना कठडा धरत होता. मी गुडघा दाबून पाहिला आणि म्हटलं, बाबा, तुला आठ आठवडे काही करू नये असं वाटतं. तो म्हणाला, माझ्याकडे चार आहेत. कॅम्पच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला काढलं, कारण "पहिलं पाऊल मंद झालंय". खरंच मंद झालं होतं. का झालं, हे विचारायला तिथे कुणाला वेळ नव्हता. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली ती विसरता येत नाही. एनएफएलचा ड्राफ्ट (संघांनी कॉलेजातले नवे खेळाडू फेरीफेरीने निवडायचे) एप्रिलच्या शेवटी असतो, म्हणजे ऐन युरोपातल्या मोसमात. हा तिकडे हॉटेलच्या खोलीत बसलेला असताना त्याच्या संघाने त्याच्याच जागेसाठी दुसऱ्या फेरीत एक नवा पोरगा उचलला. शिवाय मे-जूनमध्ये संघाचे जे सराव होतात, चालींची नवी वही शिकवली जाते, तेही हुकतं. म्हणजे तू लढाईवर असताना घरी वाटणी झालेली.

ज्याच्या एकेका सामन्यात ६०-६५ टकरी होतात त्या लाइनमनला म्हणून मी सरसकट पाठवणार नाही. अगदीच कोरा असेल, कॉलेजात दुसऱ्या जागी खेळून नवी जागा शिकत असेल, तर एक वसंत ठीक आहे. रनिंग बॅकच्या पायात मुळातच मोजके टप्पे असतात. ते डसेलडॉर्फमध्ये खर्च करू नयेत. (फ्रेड जॅक्सनने २००६ मध्ये ऱ्हाइन फायरकडून खेळून पुढे बफलोत चांगली कारकीर्द केली, हे मला माहीत आहे. अपवाद आहे. तो मोठा झाला तेव्हा आधी त्याचे पाय कमी वापरले गेले होते.)

मग संघ नेमकं कुणाला पाठवत? इथे खरी गोम आहे. खेळाडू पाठवला की संघाला कॅम्पमध्ये जादा माणूस ठेवायची सूट मिळायची. ऑगस्टच्या उन्हात कॅम्पला माणसं लागतातच, टकरी कुणीतरी झेलायला हव्यात. त्यामुळे पुष्कळदा यादीच्या तळाचा पोरगा पाठवायचा तो त्याला घडवायला नव्हे, तर त्याच्या बदल्यात एक सूट मिळते म्हणून. ज्याच्यावर संघाची खरी भिस्त, ज्याला तीन वर्षांनी सुरुवातीला खेळवायचंय, असा दुसऱ्या फेरीत घेतलेला क्वार्टरबॅक कोण पाठवेल? दुखापत झाली तर? आणि खरं तर खेळण्याची सगळ्यात जास्त गरज त्यालाच. पाठवायचा तो ज्याची पर्वा नाही, आणि ज्याची पर्वा आहे तो घरी पुठ्ठे वाचतोय. माझ्या मते ही योजना बिघडली ती इथे.

याचा परिणाम काय व्हायचा ते जेम्स हॅरिसनवरून दिसतं. ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू. पिट्सबर्गने घेतला, काढला, पुन्हा घेतला, पुन्हा काढला. २००३ मध्ये बाल्टिमोरने घेतला आणि ऱ्हाइन फायरकडे पाठवला. खेळून आला, तर बाल्टिमोरनेही काढून टाकला. पुढच्या वर्षी पिट्सबर्गला दुखापतींमुळे माणूस कमी पडला आणि तो परत तिथे गेला. २००८ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू, आणि सुपर बोलमध्ये समोरच्याचा पास मधेच झेलून १०० यार्ड पळत आणलेला तो प्रसिद्ध इंटरसेप्शन. खर्च बाल्टिमोरने केला, पीक कापलं पिट्सबर्गने, जो त्यांचा एकाच गटातला हाडवैरी. मालक मंडळी असल्या गोष्टी विसरत नाहीत.

बंद का पडलं, याला या सगळ्यापेक्षा पैशाचं कारण मोठं. लीगला वर्षाला साधारण ३ कोटी डॉलरचा तोटा होतो, असं तेव्हा सांगितलं गेलं. लंडन गेलं, बार्सिलोना गेलं, स्कॉटलंड गेलं. शेवटच्या तीन मोसमांत ६ पैकी ५ संघ जर्मनीत, आणि एकटं अ‍ॅमस्टरडॅम बाहेर. जून २००७ मध्ये फ्रँकफर्टला ४८ हजार प्रेक्षकांसमोर हॅम्बर्गने अंतिम सामना जिंकला, आणि आठवड्याभरात लीग बंद झाल्याची घोषणा. त्याच ऑक्टोबरात एनएफएलने वेम्बलीवर मोसमातला खरा सामना भरवला. जर्मनीतही २०२२ पासून खरे सामने होतात. परदेशातल्या प्रेक्षकाला राखीव खेळाडू दाखवण्यापेक्षा अस्सल माल वर्षातून एकदा दाखवला की जास्त पैसे मिळतात, हे त्यांना कळलं. धंदा म्हणून बरोबरच आहे. पण राखीव क्वार्टरबॅकचा प्रश्न तिथेच राहिला, उलट अवघड झाला. खेळाडू आणि मालकांमधल्या २०११ च्या करारानंतर मोसमात पूर्ण पॅड घालून करायचे सराव १४ वर आले. ट्रेनर म्हणून मी त्याचं स्वागतच केलं. सरावसामने २०२१ पासून ४ चे ३ झाले. प्रॅक्टिस स्क्वॉड (सरावापुरते ठेवलेले खेळाडू) मात्र ५ वरून वाढत आज १६ वर गेलंय. म्हणजे बसणारे वाढले, खेळायची संधी कमी झाली.

तुमच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकला आज कुठे पाठवता येईल? खरं सांगायचं तर कुठेच नाही. कॅनडाची लीग जून ते नोव्हेंबर, म्हणजे वेळ जुळत नाही, शिवाय तिथे १२ खेळाडू, ३ डाउन (चेंडू पुढे न्यायचे प्रयत्न) आणि मोठं मैदान. युरोपातल्या क्लबांचा मोसम उन्हाळ्यात असतो आणि तिथे अमेरिकन खेळाडूंच्या संख्येला मर्यादा असते. अमेरिकेतच २०२४ पासून यूएफएल ही वेगळी लीग वसंतात चालते. ब्रँडन ऑब्री हा आधीचा सॉकरपटू तिच्या आधीच्या अवतारात, बर्मिंगहॅमकडून किक मारून डॅलसला पोचला. पण तिथे जायचं तर एनएफएलशी करार नसलेलाच हवा. तुमच्या संघाने त्याला मोकळं केलं, तर तो खेळेल खरा, पण परत तुमच्याकडेच येईल याची खात्री काय? उलट दिशेने मात्र वाहतूक जोरात आहे. परदेशी खेळाडूंना एनएफएलमध्ये आणायला २०१७ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल पाथवे योजनेतून आलेला ऑस्ट्रेलियाचा जॉर्डन माइलाटा आज फिलाडेल्फियाचा लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा लाइनमन) आहे.

उद्या अशी लीग पुन्हा निघाली आणि मला विचारलं, तर मी दोन अटी घालेन. एक, पाठवलेल्या क्वार्टरबॅकने तिथे आपल्याच संघाच्या चाली, आपल्याच शब्दांत खेळायच्या. युरोपात वेगळी वही, परत आल्यावर वेगळी, यात निम्मं शिक्षण वाया जातं. दुसरी, कॅम्प सुरू झाल्यावर पहिले तीन आठवडे त्याचे सराव मोजून द्यायचे, आणि ती मोजणी प्रशिक्षकाच्या नव्हे, ट्रेनरच्या हातात. दुसरी अट कुठलाही प्रशिक्षक मान्य करणार नाही, हे मला माहीत आहे.

आता ४ गुणांचं. थाप नाही, खरं आहे. ५० यार्डांच्या पलीकडच्या फील्ड गोलला (खांबांमधून मारलेल्या किकला) तिथे ४ गुण मिळत. चेंडू जिथे असतो त्यात साधारण १७ यार्ड मिळवले की किकचं अंतर येतं. म्हणजे चेंडू ३५ यार्डांच्या रेषेवर असेल तर किक ५२ ची, आणि ४ गुण. ३० वर असेल तर ४७ ची, आणि ३ गुण. पाच यार्ड पुढे सरकून एक गुण कमी! तुम्ही ४ गुणांनी मागे असाल आणि शेवटचा मिनिट चालू असेल, तर तिसऱ्या डाउनला पुढे जायचं की जागच्या जागी बसायचं, असा पेच प्रशिक्षकापुढे यायचा. आमच्या त्या लाइनमनला हा नियम फार आवडायचा. म्हणायचा, ढकलून मागे नेलं तरी कधीकधी शाबासकी मिळते अशी ती एकच लीग होती.